वाटणीत राहिलेली एफसी

ज्या मोटारींतून संस्थानिक फिरले, त्यांचे पितळी दिवे आणि कातडी बैठका आजही पुण्यामुंबईच्या मिरवणुकांत लोकांना हौसेने दाखविल्या जातात. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली सुरू केलेली जुन्या मोटारींची संमेलने तर आता स्वतःच पुराणवस्तूंच्या वयाला येऊन ठेपली आहेत. परंतु ज्या गाड्यांनी आयुष्यभर पोती वाहिली, त्यांच्या वाट्याला असे कौतुक क्वचितच येते. कारण ओझ्याचे वाहन जोवर चालते तोवर ते धुण्याची कुणाला सवड नसते, आणि ते बंद पडले म्हणजे भंगारवाल्यास निरोप धाडण्यास कुणी विलंब लावीत नाही. दोंडाईच्यात रेल्वेचा धक्का आणि मिरचीच्या पथाऱ्या यांच्यामध्ये माझ्या तरुणपणी ज्या छोट्या मालमोटारी येरझारा घालीत, त्यांपैकी एखादीही आज गावात शाबूत दिसत नाही, याचे कारण हेच असावे. महिंद्रांची जी एक एफसी-१५० माझ्या हाती आली, ती वाचली याचे श्रेय कुणाच्या रसिकतेस देता येत नाही. ते एका वाटणीच्या दाव्यास द्यावे लागते.

माझी हयात दिवाणी न्यायालयाच्या नाझरखान्यात गेली. जप्तीचा माल, त्याची यादी, त्याचा ताबा आणि त्याची पावती यांत ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला ‘जैसे थे’ या हुकुमाचे सामर्थ्य सांगावे लागत नाही. माझ्या मामांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या दाव्यात जंगम मिळकतीच्या यादीत बैलजोडी, लोखंडी तिजोरी आणि पितळी भांडी यांच्यामागोमाग ‘मालमोटार, पेट्रोलवर चालणारी, एक’ अशी नोंद होती. बैल यथाकाल वारले, तिजोरीची किल्ली हरवली, भांडी कुणाच्या घरी गेली हे उघड गुपित होते. मोटार मात्र अवजड असल्यामुळे आणि तिच्या मालकीविषयी दोन्ही पक्षांचा परस्परांवर पूर्ण अविश्वास असल्यामुळे गुदामातच राहिली. दाव्याचे अपील झाले, अपिलाची तडजोड झाली, आणि तोवर मूळचे वादी-प्रतिवादी निवर्तून त्यांच्या वारसांना या मोटारीची आठवणही उरली नव्हती. माझी नेमणूक त्या काळात दुसऱ्या तालुक्यात होती आणि त्या कागदांशी माझा कधीही संबंध आला नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. निवृत्तीनंतर मी ती भंगाराच्या भावाने घेतली, तेव्हा मामेभावांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेचा अर्थ मला कळला होता.

एफसी ही जात आता लोकांच्या विस्मरणात गेली असल्याने तिची थोडी कुळकथा सांगणे अवश्य आहे. १९४५ साली लुधियान्यात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने निघालेली ही पेढी, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाल्यावर, १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली, आणि माझगावच्या कारखान्यात अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जिपा सुट्या भागांतून जुळवू लागली. त्या जिपेच्याच सांगाड्यावर, चालकाची खोली इंजिनाच्या मागे न ठेवता थेट इंजिनावर बसवून, ब्रुक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने जी चपट्या तोंडाची मालगाडी बेतली, ती विलीजने १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली. दोन आसांतील अंतर अवघे ८१ इंच, जिपेइतकेच. तरीही मागे सहा फुटांहून लांब हौदा. अमेरिकन गिऱ्हाइकास ती फारशी रुचली नाही, आणि तिकडे तिचे उत्पादन थांबण्याच्या सुमारास, १९६५ साली, महिंद्रांनी इकडे तिचे उत्पादन हाती घेतले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा भाव असा भडकला की पेट्रोलवर माल वाहणे म्हणजे दिवाळे काढणे होऊन बसले. खुद्द कंपनी डिझेलकडे वळली, आणि खेडोपाडीच्या मिस्त्रींनी जुन्या जिपांची पेट्रोल इंजिने उतरवून त्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन चढविण्याचा सपाटा लावला. आमची १९६८ ची एफसी त्या लाटेतून सुटली, कारण त्या वेळी तिच्या इंजिनास हात लावणे म्हणजे न्यायालयाचा अवमान करणे होते.

गुदामाचे दार उघडून मी पहिले काम केले ते पंचनाम्याचे. सवयीने म्हणा, किंवा पुढे कोणता नट कुठून निघाला हे आठवणार नाही या भीतीने म्हणा, गाडीचा एकेक अवयव पाहून त्याची स्थिती मी वहीत उतरून घेतली. चारही टायर रिंगेपर्यंत बसलेले आणि बाजूंना तडकलेले. हौद्याच्या फळ्या वाळवीने पोखरलेल्या. बैठकीच्या काथ्यात खारीने संसार थाटलेला. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ. तथापि सांगाड्याच्या दोन्ही तुळया खणखणीत होत्या. शिंदखेडा तालुक्याचे हे पर्जन्यछायेतील हवामान शेतकऱ्यास जितके निर्दय तितकेच लोखंडास दयाळू आहे. वर्षाकाठी जेथे जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे गंज आपले काम सावकाशीने करतो. कोकणात हीच गाडी इतकी वर्षे उभी राहिली असती तर जमिनीवर तांबूस खुणेखेरीज काही उरले नसते. गंज धरला होता तो दोनच जागी: पायाखालच्या पत्र्याला, जेथे कुणीतरी तागाचे पोते अंथरून ठेवले होते आणि ते दर पावसाळ्यात दमट होत आले होते, आणि हौद्याच्या सांध्यांना, जेथे मिरचीचे बी आणि माती यांचा थर घट्ट बसला होता.

या कामासाठी ज्या मिस्त्रींना मी विनंती केली, ते धुळ्यास आग्रा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये पोरसवदा वयात शिकून पुढे जन्मभर जिपांवरच हात काळे करीत राहिलेले गृहस्थ. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आत चढून दोन बैठकांमधील इंजिनावरचे झाकण उचलले, बॅटरीच्या रिकाम्या पेटीकडे पाहिले आणि निर्णय दिला: “नाझरसाहेब, हाई बिघडेल नही शे, कटायेल शे.” कंटाळलेल्या यंत्रास उठविण्याची रीत निराळी असते, असे त्यांचे म्हणणे. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारण्याचा मोह अशा वेळी उतावळ्या माणसास होतोच. आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या रिंगा त्या एका झटक्यात मोडतात, भिंतीवर चरे पडतात, आणि जे इंजिन रॉकेल-डिझेलच्या खर्चात सुटले असते ते मशीन-शॉपमध्ये जाऊन पडते.

म्हणून त्यांनी आधी चारही प्लग काढले, डिझेल आणि इंजिन ऑईल यांचे मिश्रण प्रत्येक सिलिंडरमध्ये ओतले, आणि गाडी तशीच सोडून ते घरी गेले. अधूनमधून येऊन ते थोडे मिश्रण वाढवीत, पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून किंचित जोर देत, पुलीने दाद दिली नाही की पाना काढून पुन्हा निघून जात. जोर लावण्याची त्यांना घाई नव्हती. कडक उन्हाळा होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, पत्र्याच्या गुदामात तर दुपारी पान्याला हात लावण्यासाठी फडके गुंडाळावे लागे. एके सकाळी पुली नखभर फिरली. मिस्त्रींनी ती पुढे न रेटता उलट दिशेने तितकीच मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे; दर वेळी फेरा थोडा वाढवीत नेला, आणि दुपारपर्यंत क्रँक पूर्ण वेढा घेऊ लागला.

या इंजिनाचे नाव ‘हरिकेन’. दुसऱ्या महायुद्धातील जिपेचे जे ‘गो-डेव्हिल’ इंजिन, त्याचाच हा सुधारलेला वंशज. १३४ घनइंच म्हणजे सुमारे २,२०० सीसी, चार सिलिंडर, सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ती. जुन्या इंजिनात आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे असे दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्येच होते. विलीजच्या अभियंत्यांनी १९५० च्या सुमारास त्यातील इनलेट व्हॉल्व्ह तेवढा वरच्या हेडमध्ये नेला, तो मोठा केला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र जुन्याच ठिकाणी ठेवला. हा अर्धा नवा, अर्धा जुना बेत मला त्या काळच्या कारकुनी सुधारणांसारखा वाटत असे. पण यंत्र उघडल्यावर त्यातील शहाणपण दिसले. श्वास घेण्याची वाट मोठी झाली आणि ब्लॉक, क्रँक, पिस्टनचा पल्ला हे सारे पूर्ववत राहिल्यामुळे कारखान्याची साचेबंद हत्यारे बदलावी लागली नाहीत. याच उंच झालेल्या हेडमुळे आपल्याकडच्या जिपेचे बॉनेट पुढे उंच दिसू लागले, आणि ते उंच बॉनेट हीच खानदेशात जिपेची ओळख ठरली.

गैरसोय एवढीच, की एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचावयाचे तर इंजिनाच्या कुशीतील पत्र्याचे झाकण काढून, मान तिरपी करून काम करावे लागते, आणि एफसीत ती कूस चालकाच्या खोलीच्या आत दडलेली असते. मिस्त्री डाव्या बैठकीच्या सांगाड्यावर ओणवे होऊन काम करीत आणि मी उजव्या बाजूने बॅटरी दाखवी. चारांपैकी दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपापल्या गाइडमध्ये काजळीने धरून बसले होते. ते सोडवून, स्वच्छ करून प्रत्येकाची बैठक पुन्हा घासावी लागली. व्हॉल्व्ह घासणे हे काम मी स्वतः मागून घेतले, कारण त्यास बळ लागत नाही, चिकाटी लागते. व्हॉल्व्हच्या कडेला घासण्याची पेस्ट लावावयाची, रबरी टोकाची काठी त्याच्या माथ्यास चिकटवावयाची आणि दोन तळहातांमध्ये ती रवीप्रमाणे फिरवीत राहावयाचे. प्रारंभी खरखर ऐकू येते, मग हळूहळू आवाज मऊ होत जातो, आणि तो पुरता बदलला की पेस्ट पुसून पाहावयाचे. बैठकीवर सलग, राखी रंगाचे कडे उमटले असेल तर काम झाले. कड्यात कोठे चकाकणारा डाग उरला असेल तर पुन्हा पेस्ट. शेवटी त्या वाटेत रॉकेल ओतून ते पलीकडे झिरपते की नाही ते पाहतात. सर्व जागी बसल्यावर टॅपेट मोजले: इंजिन थंड असताना इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा. फिलर गेजची पाती मिस्त्री पाहतसुद्धा नसत. पाते ओढताना बोटाला जो अडसर लागे त्यावरून ते माप सांगत, आणि मी पात्यावरील अंक वाचून ते मान्य करीत असे.

पेट्रोलच्या टाकीविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे थोडे आहे. आतले पेट्रोल आटून त्याची लाखेसारखी पुटे झाली होती. टाकी उतरवून तीत बारीक खडी आणि साखळी घालून ती हलवली, सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, आणि रेडिएटरवाल्याकडून दोन सुईएवढी भोके डाख देऊन बुजवून घेतली. रेडिएटरही त्याच गृहस्थाकडे गेला. तांब्या-पितळेचा जुना कोअर त्याने उकळून, नळ्यांतून सळई फिरवून मोकळा केला आणि “नवा ॲल्युमिनियमचा घेऊ नका, हा तुमच्या नातवापर्यंत जाईल,” अशी ग्वाही दिली. आमच्या विहिरींचे पाणी इतके जड आहे की महिन्याभरात किटलीला आतून चुन्याचे अस्तर चढते. ते पाणी रेडिएटरमध्ये घालणे म्हणजे नळ्यांना स्वहस्ते प्लास्टर करणे होय. तेव्हापासून गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून एका कॅनमध्ये ठेवण्याचा शिरस्ता घरात पडला आहे, आणि त्या कॅनला कुणी हात लावावयाचा नाही.

पत्र्याचे काम करणारा कारागीर गॅसची टाकी घेऊन आला तो दिवस मात्र शेजाऱ्यांच्याही स्मरणात राहिला आहे. हौद्याचे सांधे आम्ही तारेच्या ब्रशने घासले होते, हवेने फुंकले होते, धुतलेही होते. परंतु दुपदरी पत्र्याच्या आतल्या पोकळीत मिरचीचे बी किती खोलवर गेले असेल याचा अंदाज कुणासच आला नाही. ज्या क्षणी बर्नरची ज्योत त्या सांध्यावर टेकली, त्या क्षणी दशकांपूर्वीच्या हंगामातील मिरची पेटली, आणि तो धूर असा काही पसरला की कारागीर ज्योत टाकून बाहेर पळाला, त्यामागून मिस्त्री, त्यामागून मी, आणि पाहता पाहता अर्धी गल्ली खोकू लागली. समोरच्या माडीवरून एक म्हातारी ओरडून विचारीत होती की कुणाची दृष्ट काढता आहात. मिरचीच्या गावात जन्मलेल्या माणसास ठसक्याचे नवल नाही. पथाऱ्यांवर मिरची पसरलेली असते तेव्हा वारा फिरला की गावाबाहेरच्या रस्त्यावरही डोळे चुरचुरतात. पण लोखंडाच्या पोटात मिरची इतकी वर्षे आपला गुण टिकवून राहील, हे कुणाच्या कल्पनेत नव्हते. अखेर सांधे कापून उघडावे लागले, आणि आतून निघालेला तांबडा-काळा चुरा एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवला. तो डबा मामेभावांस दाखविला असता, त्यांपैकी थोरल्याने प्रथमच या उद्योगात रस घेतला आणि आडतीच्या जुन्या वह्या धुंडाळून त्या शेवटच्या हंगामात गाडीने कोणाचा माल वाहिला असावा याची चर्चा करीत तो रात्रीपर्यंत बसला.

रंगाविषयी माझे मत बहुतेकांना पटत नाही, तरी सांगतो. पेंटर म्हणाला की सर्व पोचे काढून, लांबी भरून, गाडी शोरूममधून आल्यासारखी करून देतो. मी त्यास पायाखालचा पत्रा नवा करू दिला, गंजलेल्या जागी रेड ऑक्साईड मारू दिले, आणि बाकी जेथे मूळचा रंग धरून आहे तेथे पॉलिश पेपरदेखील लावू नये असे बजावले. फाळक्याला मधोमध जो पोचा आहे, तो रेल्वेच्या धक्क्याला गाडी मागे घेताना पडलेला आहे, हे गुदामातला जुना हमाल शपथेवर सांगतो. तो काढून टाकणे म्हणजे दप्तरातील एखाद्या कागदावरील शेरा खोडून टाकणे होय, आणि खाडाखोड केलेल्या कागदाचे न्यायालयात काय होते ते मी पाहिले आहे. लांबी भरून गुळगुळीत केलेल्या गाड्या मला पाहवत नाहीत. पेंटरने माझ्या अरसिकतेबद्दल मनातल्या मनात काही म्हटले असेल, ते योग्यच असेल. दारावरची आडतीच्या नावाची अक्षरे मात्र त्याने जुन्याच वळणाने इतक्या आस्थेने उजळली की त्याची मजुरी देताना मला घासाघीस करवली नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्यातले काहीही ठेवावयाचे नाही, असा मिस्त्रींचा दंडक होता, आणि तो मी बिनशर्त मान्य केला. या गाडीस एकच मास्टर सिलिंडर आणि एकच तेलवाट. आजच्या गाड्यांत जशी पुढची आणि मागची वाट निरनिराळी असते तशी येथे सोय नाही. चारांपैकी एका चाकाच्या रबरी वायसरने दगा दिला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून सर्व व्हील सिलिंडर, सर्व नळ्या, सर्व रबर, सर्व लायनर नवे घातले. काही भाग धुळ्यास मिळाले, काही मुंबईहून कुर्ल्याच्या बाजारातून आणविले, आणि दोन नग हरियाणातील मंडी डबवालीहून आले, जेथे जुन्या जिपा बांधण्याचाच धंदा चालतो. हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. गाडी उभी असता तो भक्कम धरतो, परंतु धावत्या गाडीत ओढला तर सगळा धक्का शाफ्टवर आणि आसावर येतो. ही गोष्ट नव्या चालकास गाडीत बसण्यापूर्वी सांगावी लागते, कारण संकटसमयी हात आपोआप तिकडे जातो.

ब्रेकची हवा काढण्यास दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाखाली. दिवाळीस घरी आलेली माझी नात पेडलवर बसली. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत दूर, तेथून प्रारंभ करावयाचा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवावयाचे. पेडल दाबले की निपल उघडावयाचा, पेडल तळाला पोहोचल्यावर बंद करावयाचा, आणि मगच पाय उचलावयाचा. हा क्रम एकदा जरी चुकला तरी हवा उलट आत ओढली जाते. मी चाकाखालून “दाब” म्हणे, मग “धर”, मग “सोड”, आणि वरून आवाज येई, “आजोबा, धरलंय, पण किती वेळ धरू?” नळीतील बुडबुडे मोठ्यांचे बारीक होत गेले, बारकांचे विरळ झाले, आणि शेवटी तेलाची सलग धार आली तेव्हा पेडल पायाखाली कठीण लागू लागल्याचे तिने स्वतःच सांगितले. पुण्यास ती संगणकावरील कसल्याशा प्रणालींतील दोष शोधण्याची नोकरी करते. एकदाच काम करून भागत नाही, शेवटला बुडबुडा जाईपर्यंत करावे लागते, हे आपल्या साहेबांस पटविण्यास आपणांस फार त्रास पडतो, असे ती जेवताना म्हणाली.

इग्निशनचे काम त्या मानाने लवकर झाले. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, वायरी नव्या. टायमिंग मिस्त्रींनी कोणत्याही यंत्रावाचून, पॉइंटला बारा व्होल्टचा बल्ब जोडून बांधले: पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वी पाच अंशांच्या खुणेवर बल्बने डोळा मारला पाहिजे. सिलिंडर एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटतात. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा सिलिंडरांत मुरलेल्या मिश्रणाचा पांढरा धूर गुदामभर झाला; तो निवळल्यावर हरिकेनचा जो संथ, खोल आवाज लागला, तो ऐकण्यास मामेभाऊ आपण होऊन आले होते.

चालविण्यास ही गाडी सोपी नाही, आणि तिच्याविषयी खोटे कौतुक करण्याचे कारण नाही. गिअर तीनच, त्यांतील पहिल्यास सिंक्रो नसल्याने चालत्या गाडीत तो टाकावयाचा तर डबल क्लच करावा लागतो. चालक पुढच्या चाकांवरच बसलेला असतो, त्यामुळे रस्त्यातील प्रत्येक खड्डा प्रथम त्याच्या पाठीस कळतो. सर्व वजन पुढे असल्यामुळे रिकाम्या गाडीस जोराने ब्रेक लावला तर मागची चाके हलकी पडतात. हौद्यात वाळूची दोन पोती कायम ठेवणे हा त्यावर उपाय. उन्हाळ्यात दोन बैठकांमधील झाकणातून इंजिनाची धग डाव्या मांडीस लागते, तेव्हा आम्ही पहाटेच निघतो. सारंगखेड्याच्या तापीवरील पुलापर्यंत जाऊन परत यावयाचे, हा रविवारचा नेम आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीस तेथे घोड्यांची यात्रा भरते. तेव्हा या गाडीस पाहण्यास जे लोक जमतात ते सगळे घोड्याच्या गिऱ्हाइकाच्या नजरेने, टायर दाबून आणि फाळका वाजवून पाहतात. एकाने तर दात कुठे आहेत असे विचारले.

आता कागदांविषयी. गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक दाव्यात निशाणी म्हणून दाखल झाले होते, आणि त्यामुळेच ते वाळवीपासून बचावले. मिस्त्रींना जे लोखंडाने दिले ते मला दप्तराने दिले, असे मी त्यांस म्हणत असतो. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्ही.ए.’ या अक्षरांची निराळी मालिका काढली आहे. नव्या नोंदणीस फी २०,००० रुपये आणि नोंदणी टिकते १० वर्षे. नियम चांगला आहे. परंतु तो खाजगी, बिगर-व्यापारी वाहनांसाठी आहे, आणि अशी मालिका घेतलेली गाडी प्रदर्शन, संमेलन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. शेतातून कडबा आणणे हे त्या कारणांत बसत नाही. मला सर्वांनी सल्ला दिला की ती अक्षरे घ्या, गाडीची किंमत वाढेल. मी मालवाहू वाहन म्हणूनच तिचे कागद पूर्ववत करण्याचा मार्ग पत्करला. त्यात हेलपाटे अधिक आणि जुन्या मालवाहू गाडीस दर वर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तरीही पत्करला. ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, ही सवलत कायद्यातच आहे आणि एफसी तीत बसते. ज्या गाडीच्या हौद्यात चार पेंढ्या टाकण्याचीही मुभा नाही, तिच्यावर एवढे श्रम का करावे, हे मला कुणी समजावून द्यावे.

देखभालीचा खर्च लोक समजतात तितका नाही. वेळ मात्र जातो. ग्रीसच्या निपलांची यादी मी वहीत केली आहे आणि प्रत्येकापुढे तारीख टाकतो. किंगपिनच्या शिमा पुढील उन्हाळ्यात पाहाव्या लागतील, कारण खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंग थोडे थरथरते. काळजी वाटते ती पेट्रोलचीच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषून घेते, जुनी रबरी नळी मऊ करते आणि पंपाचा पडदा फुगवते. उसाप्रमाणे मक्यापासूनही इथेनॉल होते. आमच्या गावात स्टार्चच्या कारखान्यामुळे मक्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि माझा एक मामेभाऊ मक्याचाच शेतकरी. तेव्हा या मिश्रणाविरुद्ध तक्रार केली की घरात दोन तट पडतात. मिस्त्रींनी पंपाचा पडदा नवीन जातीचा घातला आहे, नळ्या बदलल्या आहेत, आणि गाडी दोन आठवड्यांहून अधिक उभी राहावयाची असेल तर टाकीचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल जळू द्यावे अशी सक्त ताकीद दिली आहे.

हौद्याच्या दोन फळ्या पावसाळ्यापूर्वी बदलावयाच्या आहेत. सुतार म्हणतो साग घ्या, सातपुड्याचा जुना साग त्याच्याकडे पडून आहे आणि तो वाकणार नाही. मिस्त्री म्हणतात बाभूळ घ्या, पोती ओढताना साग सोलतो आणि बाभूळ घासून गुळगुळीत होते. दोघांनाही मी चहा पाजून एकत्र बसविले. सुतार नमुन्यादाखल सागाची एक फळी ठेवून गेला आहे, आणि मिस्त्रींनी बाभळीची.